डाव्या हाताची गाठ

"इराप्पा डिड नॉट गो डाऊन बिकॉज आय टोल्ड हिम."

तांबवेबाईंनी हे वाक्य माझ्यासमोर चार वेळा वाचलं. चारही वेळा मी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. तांबवेबाई म्हणजे जिल्ह्याच्या चौकशी अधिकारी. पायात बूट, आवाजात साखर, डोळ्यात मिरची. आमच्याच सोप्यात, आमच्याच खुर्चीवर बसून त्यांनी मला विचारलं, "आक्काताई, इंग्रजी येतं का?"

"यायला काय ते माझ्या माहेरचं आहे?"

"बरं. मराठीत सांगते. हे तुमच्या सूनबाईंनी अपघाताच्या दिवशी फोनवरच्या नोंदवहीत लिहिलेलं वाक्य. याचे दोन अर्थ होतात. एक, मी सांगितलं म्हणून तुमचा गडी इराप्पा हळदीच्या पेवात उतरला नाही. दुसरा, इराप्पा उतरला, पण माझ्या सांगण्यावरून नाही."

समोर खांबाला टेकून माझी सून ऋजुता उभी होती. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून आली, आल्या दिवसापासून ताठ. ती म्हणाली, "मी दहा वेळा सांगितलंय. दुसरा अर्थ. दवाखान्यात बसून लिहिलंय मी ते. तो आत अतिदक्षता विभागात असताना तो उतरलाच नाही असं कशाला लिहीन?"

"दवाखान्यात लिहिलं याला पुरावा नाही," तांबवेबाई म्हणाल्या. "पेवाची फरशी हलली तेव्हा, नऊ वीसला, नोंदीची चौकट आपोआप उघडली. बंद झाली दहा चाळीसला. मधल्या ऐंशी मिनिटांत वाक्य कधी लिहिलं ते वहीला कळत नाही. नऊ वीसला लिहिलं असेल, तर तुम्ही न बघताच 'उतरला नाही' अशी खोटी नोंद केलीत. त्याला नव्या कायद्यात सात वर्षं आहेत."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि दुसरा अर्थ खरा असेल, तर प्रश्न उरतो, त्याला उतरायला सांगितलं कोणी? आक्काताई, तुम्ही त्या वेळी कुठे होतात?"

"बस्तीत," मी म्हटलं. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ. "दर्शनाला गेले होते. येताना पेव उघडं दिसलं, म्हणून आरडाओरडा केला."

ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा तिची नजर खाली गेली, आणि खोटं बोलताना माणसाला जे बरं वाटू नये ते मला वाटलं.

कारण इराप्पाला मी सांगितलं होतं.

आमची पेवं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना हे कळायचं नाही, म्हणून सांगते. सांगलीच्या अलीकडे कृष्णेच्या काठची आमची माती चिकण. तिच्यात पंचवीस हात खोल खड्डा घेतला तरी पाणी झिरपत नाही. तोंड एका माणसापुरतं, पोट मात्र घागरीसारखं फुगलेलं. आतून उसाचा पाला लावायचा, हळदीची पोती रचायची, वर फरशी ठेवून चिखलानं लिंपायचं. की चार-पाच वर्षं कीड नाही, वीज नाही, देखभाल नाही. हळद आतली हवा खाऊन टाकते आणि जड, मेलेली हवा मागं सोडते. ती पाण्यासारखी तळाला बसते. किडा जगत नाही, म्हणून हळद टिकते. आणि माणूसही जगत नाही, म्हणून पेव उघडलं की थांबायचं असतं.

मधल्या काळात महापुरात कितीतरी पेवं गेली, राहिली त्यांना लोक हसले. सगळे शीतगृहांकडे पळाले. मग विजेला मोजमाप लागलं, परदेशातले खरेदीदार 'बिनविजेची साठवण' मागायला लागले, आणि आमच्या एकवीस पेवांकडे सगळ्यांचे डोळे वळले. खरेदीदार ऋजुतानं आणला, हे कबूल करते. परवाना तिच्या नावावर झाला, हवा मोजायची नळी आली, कमरेच्या दोराऐवजी चामड्याचे पट्टे आले, इंग्रजी नोंदवही आली. चाळीस वर्षं माझ्या कमरेला असलेल्या किल्ल्या तिच्या कपाटात गेल्या. मला काय मिळालं? सोप्यातली खुर्ची.

त्या दिवशी सकाळी आठलाच ट्रक आला. ऋजुतानं अकरा नंबरच्या पेवाचं लिंपण फोडून फरशीच्या फटीतून हवा मोजायची नळी सोडली आणि सांगितलं, "चार तास कोणी उतरायचं नाही. बारानंतर बघू." ट्रकचा ड्रायव्हर कुरकुरला. मी उठून त्याला म्हटलं, "थांब, मी बघते." तर ही त्या परक्या माणसासमोर म्हणाली, "आई, तुम्ही पेवाकडे जाऊ नका. तुम्हाला चालताना धाप लागते."

धाप! मला! त्या पेवांच्या तोंडाशी मी नववा महिना चालू असताना पोती मोजली आहेत, आणि ही कालची पोर मला धापेचं सांगते. ड्रायव्हर गालातल्या गालात हसला आणि गाडीत जाऊन आडवा झाला. ऋजुता खरेदीदाराशी बोलायला शहरातल्या कचेरीत निघून गेली.

मी इराप्पाला हाक मारली. इराप्पा तीस वर्षं आमच्याकडे. लग्न आमच्या अंगणात झालं त्याचं.

"एकच पोतं काढ वर. नमुना म्हणून. पट्टेवाली यायच्या आत ट्रकवाल्याच्या हातात ठेवू."

"आक्का, धाकल्या बाईंनी नगं म्हटलंय."

"पेव कुणाचं?"

"तुमचं."

"मग?"

त्यानं फरशी सरकवली आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात वर करून उभा राहिला.

आमच्यात रीत आहे. पेवात माणूस उतरवायचा तर ज्यानं सांगितलं त्यानंच त्याच्या कमरेला दोर बांधायचा. दुसऱ्याच्या हातची गाठ घेऊन कोणी उतरत नाही. ज्याचा शब्द, त्याची गाठ. माझ्या सासूनं ही रीत मला पहिल्या वर्षी शिकवली. मी ऋजुताला शिकवली नाही. तिनं विचारली नाही आणि मला सांगावीशी वाटली नाही. पट्टेवाल्या बाईला गाठ कशाला?

मी गाठ मारली. मग कंदील सोडला. ही दुसरी रीत. पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. ज्या हवेत वात जगत नाही त्या हवेत माणूस तगत नाही. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. कंदील तळाला जाऊन टेकला. जळत होता. ज्योत कशी छान लवलवत होती.

"जा," मी म्हटलं.

दोर अर्धा गेला आणि मला कंदिलाचं आठवलं. रॉकेल मिळायचं बंद होऊन सात वर्षं झाली होती. पेवाची पूजा करताना आम्ही सोडायचो तो कंदील बॅटरीचा होता. नुसतं शास्त्र म्हणून. खोटी ज्योत, खोटी लवलव. मला ठाऊक होतं ते. मीच दुकानातून आणला होता. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं हातानं कंदील सोडला, डोळ्यांनी उजेड बघितला, आणि तोंडानं 'जा' म्हटलं. हात जुना होता, कंदील नवा होता.

"इराप्पा, वर ये!" मी ओरडले. दोर सैल पडला होता.

ड्रायव्हर आणि क्लीनर झोपेतून धावत आले. कप्पीवरून त्याला वर ओढला. गाठ सुटेना, म्हणून क्लीनरनं खुरप्यानं दोर कापला. ट्रकमधून त्याला दवाखान्यात नेला, दारात उतरवून घ्यायला ऋजुता शहरातल्या कचेरीतून धावत आली. इराप्पाचा श्वास आला, वाचा मात्र आली नाही. पुढं डॉक्टर म्हणाले, मेंदूला हवा कमी पडली. माणसं ओळखेल कदाचित, बोलणार नाही.

"तो उतरला तेव्हा तुम्ही कुठं होता?" ड्रायव्हरनं धावपळीत विचारलं होतं.

"बस्तीतून येतेय," मी तेव्हाच म्हटलं. विचार करून नाही. आधीच तयार असल्यासारखं तोंडातून आलं.

चौकशीत निघालं की पट्टा कपाटात कुलपात होता आणि इराप्पाच्या कमरेला दोर होता. म्हणजे त्यानं स्वतःच बांधला असणार, असं सगळ्यांनी मानलं. कापलेला दोर प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. पेवाजवळच्या कॅमेऱ्यावर मी दोन वर्षांपूर्वीच टॉवेल टाकला होता. पेवाच्या तोंडावर परक्याची नजर नको म्हणून. सगळं कसं जुळून आलं होतं. राहिलं होतं ते एक वाक्य.

त्या वाक्याचा अर्थ काढायला त्यांनी आशयदर्शी आणलं.

भाकरीच्या डब्याएवढं करड्या रंगाचं यंत्र. बरोबर एक चष्मेवाला माणूस. गेल्या वर्षीपासून म्हणे कायद्यानं त्याचा निकाल पुराव्यात धरतात. करार, मृत्युपत्रं, नोंदी, जिथं वाक्य दोन्हीकडं कलतं तिथं हे यंत्र बसवतात. तांबवेबाईंनी मला समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, उगाच नावं ठेवत नाही.

"आक्काताई, वाक्य नुसतं बघून अर्थ कळत नाही. बोलणाऱ्याचं मन ठाऊक असावं लागतं. यंत्र काय करतं, माणसानं आजवर लिहिलेलं सगळं वाचतं. त्यातून त्या माणसाची एक नक्कल बनवतं. शरीर नाही, फक्त बोलायची खोड. मग त्या नकलेला म्हणतं, समज तुला पहिली गोष्ट सांगायची आहे, कशी सांगशील? असं लाख वेळा विचारतं. मग म्हणतं, समज दुसरी सांगायची आहे, तर कशी सांगशील? पुन्हा लाख वेळा. ज्या बाजूनं हेच्या हेच वाक्य जास्त वेळा पडेल, तो अर्थ खरा."

"भांड्यांच्या आवाजावरून कुठली सून रागावली आहे ते मी सांगते, तसंच की."

"तसंच. फक्त ते किती टक्के रागावली हेही सांगतं."

"आणि भांडं हातून निसटलं असेल तर?"

तांबवेबाई हसल्या. चष्मेवाला म्हणाला, "आजी, लाख वेळा कसं निसटेल?"

ऋजुताची सहा वर्षांची सगळी इंग्रजी पत्रं, निरोप, नोंदी त्या डब्यात गेल्या. पंधरा दिवस डबा आमच्या कचेरीत घुमत होता. त्या पंधरा दिवसांत घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. माझा मुलगा भरतेश दोघींच्या मधून मांजरासारखा फिरायचा. एकदा मी तांदूळ निवडत असताना समोर बसला.

"आई, खरं सांग. तू बस्तीत होतीस?"

"बायकोनं पाठवलं?"

"मी विचारतोय."

"तुला जन्म दिला त्या दिवशी मी कुठं होते तेही विचार. त्याचाही पुरावा नाही माझ्याकडं."

तो उठून गेला. तांदळातला खडा माझ्या हातातच राहिला.

निकाल आला. ब्याण्णव टक्के पहिला अर्थ, आठ टक्के दुसरा.

चष्मेवाल्यानं कारणं वाचून दाखवली. ऋजुता सहा वर्षं असंच लिहीत आली होती. मी थांबवलं म्हणून ट्रक निघाला नाही. मी सांगितलं म्हणून माल उघडला नाही. मी अडवलं म्हणून ते झालं नाही. आठशेच्या वर वाक्यं अशी, आणि प्रत्येकात तिनं सांगितलेलं कोणीतरी ऐकलेलं. सगळीकडं तिचाच शब्द चालत आलेला. मग याच वाक्यात तो चालला नाही असं कसं मानायचं?

"म्हणजे मी आजवर नीट काम केलं, म्हणून मी गुन्हेगार?" ऋजुता म्हणाली.

"तसं नव्हे, मॅडम. तुमची सवय…"

"माझी सवय खुर्चीवर बसून लिहायची आहे. हे वाक्य मी दवाखान्याच्या फरशीवर बसून लिहिलं. हाताला हळद होती, त्याच्या तोंडातला फेस होता. नोंद अर्ध्या तासात पुरी करा म्हणून फोन सारखा थरथरत होता. ते तुमच्या डब्यात कुठे आहे?"

चष्मेवाल्यानं डब्याकडं पाहिलं, जणू तोच उत्तर देईल.

मी कोपऱ्यात बसले होते. आठ टक्के म्हणजे किती ते मला कळतं. शंभर हळकुंडांतली आठ. टाकून द्यायची, किडकी म्हणून. त्या आठात मी बसले होते.

परवाना थांबवला. सोमवारी जिल्ह्याला अखेरची सुनावणी, आणि निकाल कायम झाला की तिथूनच अटक. त्या संध्याकाळी ऋजुतानं कपाटातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर आदळला.

"घ्या. यासाठीच होतं ना सगळं?"

"जीभ सांभाळ."

"आई, एक विचारू? सहा आठवडे झाले. ते परके लोक लाख-लाख वेळा त्या नकलेला विचारत बसले, मला काय म्हणायचं होतं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

"मला इंग्रजी येत नाही."

"मराठीत विचारायचं होतं."

ती आत गेली. मी किल्ल्या उचलून कमरेला खोचल्या. त्या किल्ल्यांचं वजन मला रात्रंदिवस आठवायचं, पण आता खोचल्या तर लुगड्याची गाठ सैल वाटायला लागली. म्हातारपणी कंबर बारीक होते, दुसरं काय.

रविवारी सकाळी मी इराप्पाकडं गेले. का गेले? मालकीण म्हणून जायला हवं होतं, सहा आठवडे गेले नव्हते, आणि लोक बोलायला लागले होते. एवढंच.

त्याचं घर गावकुसाच्या अंगाला, दोन खणांचं. त्याची बायको गौरव्वा दारात मिरच्या पसरत होती. मला पाहून उठली नाही.

"या," म्हणाली. "वाट चुकला जनू."

इराप्पा आत खाटेवर टेकून बसला होता. गाल बसलेले. मला पाहिलं, ओळखलं असावं, कारण डोळे माझ्यावर थांबले. तोंडातून काही नाही. पण त्याचे हात गप्प नव्हते. सदऱ्यावरून, कमरेच्या उजव्या बाजूला, बोटं सारखी काहीतरी चाचपत होती. चिमटीत धरायची, ओढायची, सोडायची. पुन्हा धरायची.

"काय करतोय हा?"

"दिसभर त्येच. डाक्टर म्हनला, हाताला चाळा लागलाय." गौरव्वानं मिरचीचा हात पदराला पुसला. "चाळा न्हवं त्यो. गाठ सोडतोय."

मी खाटेजवळ वाकून बघितलं.

"ज्याचा शबूद त्याची गाठ. आमचा सासरा बी तुमच्याच पेवात उतरायचा, आक्का. मला शिकवू नका. आन ती गाठ त्येला सुटत न्हाई. त्येच्या हाताला सवं हाय सरळ गाठीची. ही उलटी पडल्याली हाय."

मी डावखुरी. लहानपणी आईनं हातावर पळी मारून मारून सगळं उजव्या हातानं करायला शिकवलं. जेवण, वाढणं, पूजा. गाठ तेवढी राहिली. गाठ मी आजही डाव्या हातानं मारते, आणि वळसा उलटा पडतो.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"पैल्या दिसापास्नं."

"मग बोलली का नाहीस?"

"इचारलं कुनी?" ती फिसकन हसली. "त्या डब्याला इंग्रजी लागतं. साहेबास्नी कागद लागतो. आन तुमी तर बस्तीत व्हता."

इराप्पाची बोटं पुन्हा चिमटीत काहीतरी धरत होती. त्याचे डोळे माझ्या डाव्या हाताकडं होते. मी हात पदराखाली घेतला. मग लाज वाटली आणि बाहेर काढला.

"चहा ठेवू?" गौरव्वानं विचारलं. ठेवायचा नाही अशा आवाजात.

"नको," मी म्हटलं आणि निघाले.

सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत लांब टेबलाच्या मधोमध डबा होता. एका बाजूला तांबवेबाई, एका बाजूला खरेदीदाराचा वकील, कोट घातलेला तरणा माणूस. ऋजुता आणि भरतेश समोर. मी मागच्या बाकावर. तांबवेबाईंनी तेच वाक्य पाचव्यांदा वाचलं, ब्याण्णव आणि आठ सांगितलं आणि विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे?"

ऋजुतानं मान हलवली. तिला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं.

मी उठले. "तो दोर आणा."

"कोणता दोर?"

"तुमच्या पिशवीतला. इराप्पाच्या कमरेवरून कापलेला."

वकील हसला. "आजी, इथे वाक्याचा अर्थ ठरतोय."

"वाक्य तुम्ही धरा. मी दोर धरते."

तांबवेबाईंनी शिपायाला खूण केली. पिशवी आली. दोर खुरप्यानं कापला होता, गाठ शाबूत होती, हळदीनं पिवळी पडलेली.

"सोडवा," मी वकिलाला म्हटलं.

"मी?"

"पिशवीवरूनच बोट फिरवा. कुठला पदर आधी ओढाल ते सांगा."

त्यानं पाहिलं. चष्मेवाल्यानं पाहिलं. शिपाई म्हणाला, "उलटी वाटतीय हो." शिपाई खेड्यातला असावा.

मी पिशवीतून नव्हे, माझ्या पदराआडून हातभर दोर काढला. सकाळी गोठ्यातून दोन तुकडे कापून घेतले होते, त्यातला हा आखूड. टेबलाच्या पायाला घातला, डाव्या हातानं गाठ मारली आणि त्यांच्या पिशवीतली गाठ शेजारी ठेवायला सांगितली. दोन्ही सारख्या. दोन्हींचा वळसा उलटा.

"आमच्या पेवांवर जो उतरायला सांगतो तोच गाठ मारतो. दुसऱ्याची गाठ कोणी घेत नाही. गौरव्वाला विचारा, इराप्पाच्या बायकोला. गावातल्या कुठल्याही हमालाला विचारा. सहा आठवडे हा दोर तुमच्या टेबलावर पडला होता आणि तुम्ही डब्यात तोंड घालून बसलात. ही माझी सही आहे. मी बस्तीत नव्हते."

कुठंतरी खुर्ची सरकली. भरतेशची असावी. मी तिकडं पाहिलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. ट्रक, नमुना, कंदील. बॅटरीचा कंदील मीच दुकानातून आणला होता, तेही सांगितलं. वकिलानं लगेच म्हटलं, "हा कबुलीजबाब सुनेला वाचवायला असू शकतो. यांचाही आशय तपासायला हवा."

"सुनेला वाचवायला?" मी म्हटलं. "आमच्या घरी येऊन चार दिवस राहा, मग बोल."

तांबवेबाईंनी चष्मेवाल्याला विचारलं, "या बाईंचं काही लेखन? निरोप? ध्वनिमुद्रण?"

त्यानं बोटं चालवली. "काही नाही, मॅडम. एक ओळही नाही."

"मग टक्के?"

"निघणार नाहीत."

"बरंच झालं," मी म्हटलं. "लिहून घ्या. मी सांगितलं. म्हणून तो उतरला. याचा दुसरा अर्थ निघत असेल तर काढा."

"आक्काताई, तुम्ही काय कबूल करताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"मला मराठी कळतं."

कागदपत्रं व्हायला दुपार झाली. मला जीपमध्ये न्यायच्या आधी अंगणातल्या कट्ट्यावर बसवलं होतं. ऋजुता आली. रडलेली नव्हती. तिचं एक मला मानावं लागतं, ती माझ्यासमोर कधी रडली नाही.

"उपकार मानू का?" ती म्हणाली.

"मानू नकोस. तुझे सहा आठवडे खाल्ले मी."

"खाल्लेत." ती थांबली. "आणि त्याआधीची सहा वर्षं."

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं. चांगलं तिखट होतं. पण मी ते गिळलं आणि कमरेच्या किल्ल्या काढून पुढं केल्या. तिनं हात पुढं केला नाही.

"ठेवा तिथं."

मी कट्ट्यावर ठेवल्या. तिनं उचलल्या.

"रीत तेवढी शिकून घे," मी म्हटलं. "ज्याचा शब्द त्याची गाठ."

"मी पट्टाच वापरणार. पण बकल आता मी लावीन. माझ्या हातानं." आणि वळून भरतेशकडं गेली.

तांबवेबाईंना मी एकच गोष्ट मागितली. कोठडीकडं नेण्याआधी जीप गावाकडं वळवा, दहा मिनिटं. त्यांनी वळवली. बाईच्या डोळ्यात मिरची असली तरी कान उघडे होते.

गौरव्वानं दार अडवलं नाही, बाजूलाही झाली नाही. मी तिच्या खांद्याला घासून आत गेले. इराप्पाची बोटं कमरेशी चालूच होती. मी त्याच्यासमोर खाली बसले, गोठ्यातला दुसरा तुकडा काढला, त्याच्या सदऱ्यावरून कमरेला घातला आणि गाठ मारली. डाव्या हातानं, तशीच. त्याचं अंग कडक झालं. डोळे मोठे झाले. गौरव्वा मागून ओरडली, "काय करताय, आक्का?"

"थांब."

मग मी ती सोडवली. सावकाश. कुठला पदर आधी, कुठला नंतर, त्याला दिसेल अशी. दोर मोकळा करून त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याची बोटं कमरेशी गेली. चाचपलं. काही सापडलं नाही. पुन्हा चाचपलं. मग दोन्ही हात मांडीवर, त्या दोरावर, येऊन पडले आणि तिथंच राहिले.

मी तशीच खाली बसून राहिले.

"झालं न्हवं?" गौरव्वा म्हणाली. "मग उठा आता. त्येला जेवायचं हाय."

मी उठले. जीप कोपऱ्यावर उभी होती, शंभर पावलं असतील. निम्म्यात धाप लागली. थांबले नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही.